संकल्प मोडला? आधी महिना सांगा

दरवर्षीची तक्रार एकच. डिसेंबरात कोणाच्या तरी शेतात भरीताची पार्टी होते. परहाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर हिरवी वांगी भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, आणि कळण्याच्या पुरीवर भरीत घेता घेता कोणीतरी म्हणतं, "यंदा एक तारखेपासून पक्कं." वजन, तंबाखू, बचत, पहाटे उठणं, पोरांच्या अभ्यासाला बसणं, सुरतेची नोकरी सोडून गावी परतणं, काहीही असो. होळीपर्यंत त्यातलं निम्मं विसरलेलं असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विषय काढला तर माणूस हसतो आणि आमरसाची वाटी पुढे सरकवतो.

निदानही दरवर्षी तेच: "आपल्यात इच्छाशक्तीच नाही भो." हे मला पटत नाही. मी अमळनेरच्या बाजारपेठेत पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करतो. रोज त्याच दुकानांच्या पायऱ्या चढायच्या, त्याच माणसांकडून वीस-पन्नास रुपये घ्यायचे, मशीनमधून पावती फाडून द्यायची. जानेवारीत उत्साहाने खातं उघडणारा आणि मार्चमध्ये मला पाहताच गल्ल्यामागे वाकणारा माणूस आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं तोंडात घालत नाही. त्याची बायको नवरात्रात नऊ दिवस अनवाणी फिरते. इच्छाशक्तीचा दुष्काळ असता तर हे जमलं नसतं. बिघाड दुसरीकडे आहे.

विहिरीवरची मोटार बंद पडते म्हणून मेकॅनिककडे गेलं की तो आधी विचारतो, बटण दाबल्याबरोबर पडते, दहा मिनिटांनी पडते, की तापल्यावर पडते? उत्तरावरून निम्मा दोष त्याला खोक्याला हात न लावता कळतो. संकल्पाचंही तसंच. मोडला कधी, ते सांगा. मागच्या दोन-तीन वर्षांचं आठवा. बहुतेकांचा संकल्प दरवर्षी साधारण एकाच सुमाराला मोडतो, आणि तो सुमार आपल्याकडच्या पिकाशी, उन्हाशी, लग्नतिथींशी जुळतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडला

हा बहुतेक तंबाखू, गुटखा, विडी किंवा मिश्रीचा असतो. इथे संकल्पाची मांडणी वगैरे काही बघायची नाही, दोष शरीराचा आहे. निकोटिन तुटलं की चिडचिड, डोकं जड होणं, झोप न लागणं, लक्ष न लागणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात असतं आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरत जातं. माणूस नेमका चढावर असतानाच पुडी फोडतो आणि "आपल्याला जमत नाही" म्हणतो. जमत नाही असं नाही, चढ संपायच्या आत तो उतरला.

तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घेता येतं. एक तारीख शुक्रवारी किंवा शनिवारी येत असेल तर बरं, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत गिऱ्हाईक किंवा साहेब समोर नसलेले चांगले. घरच्यांना आधी सांगून ठेवा की हे चार दिवस मी तिरसट वागणार आहे.

दारूबद्दल मात्र वेगळं सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एक तारखेला एकदम बंद करणं धोक्याचं असतं. हात थरथरणं, घाम, भास, कधी फिटसुद्धा येते. तिथे संकल्प करू नका, आधी डॉक्टरकडे जा.

संक्रांतीच्या आत मोडला

सगळ्यात जास्त गिऱ्हाईक इथलं. दोष जवळजवळ नेहमी मापाचा असतो.

जानेवारीत कापसाचा पैसा बाजारात फिरत असतो. दुकानदाराचा हात मोकळा असतो आणि मन त्याहून मोकळं. "लिहा भाऊ, रोजचे दोनशे." मी लिहीत नाही. मी त्याला म्हणतो, शेठ, पितृपक्षातला एखादा दिवस आठवा, किंवा जुलैत झड लागून बाजार बसला होता तो. दुपारपर्यंत बोहनी नाही. त्या दिवशी मी दारात आलो तर किती द्याल? तो जरा थांबतो आणि म्हणतो, "वीस." मग वीस लिहायचे. चांगल्या दिवशी शंभर दिले तर मशीन नाही म्हणत नाही. पण ठरवलेला आकडा वाईट दिवसाचा पाहिजे. चांगल्या दिवसाचा आकडा लिहिला की पहिल्याच वाईट दिवशी तो चुकतो, आणि चुकला की माणूस मला टाळू लागतो. पैसे कमी पडले म्हणून खातं बंद पडलेलं मी फारसं पाहिलं नाही. लाजेने बंद पडलेली बरीच पाहिली.

हेच बाकी सगळ्याला लावा. पहाटे साडेसातला उठणाऱ्याने पाच वाजता उठून तासभर पळायचं ठरवलं, तेही आपल्याकडच्या जानेवारीत, जेव्हा पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि गोधडी सोडवत नाही. एक तारखेला पळतो, दोनला पळतो, तीनला पोटऱ्या दुखतात. वाईट दिवसाचा आकडा काय? दहा मिनिटं चालणं. मग दहाच ठरवा. वाचनाची दोन पानं. इंग्रजीचे पाच शब्द. ऐकायला फुसकं वाटतं आणि चारचौघांत सांगायला लाज वाटते, म्हणून तर लोक मोठा आकडा बोलतात.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट निवडली आणि ती रोजच्या ठरावीक प्रसंगाला बांधली, जसं नाश्त्यानंतर. ती अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसांत फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे जानेवारीत सुरू केलेली गोष्ट कोणाला जानेवारीतच सवयीची होईल, तर कोणाला सप्टेंबर उजाडेल. बाविसाव्या दिवशी अंथरुणातून उठायला जड गेलं तर त्यात काही बिघडलेलं नाही.

आणि एका वेळी एकच. पाच संकल्पांची यादी फ्रिजवर चिकटवणाऱ्याची यादी तेवढी टिकते.

लग्नसराईत मोडला

फेब्रुवारी ते मे आपल्याकडे पत्रिकांचा ढीग लागतो. गोड सोडलेला माणूस, तेलकट सोडलेला माणूस आणि बचत करणारा माणूस, तिघेही याच काळात पडतात.

पंगतीचं आधी. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, वर तूप, आणि जिलेबीची परात घेऊन फिरणारा नवरीचा मामा. "मला साखर चालत नाही" म्हटलं की तो म्हणतो, "एकाने काय होतंय पाहुणे?" आणि दोन टाकतो. "मी डाएटवर आहे" म्हटलं तर चार टाकतो, कारण ते त्याला आव्हान वाटतं. पण "माझा नेम आहे" म्हटलं की परात पुढे जाते. देवाधर्माच्या कारणावर आपल्याकडे कोणी जोर करत नाही. याला कोणी ढोंग म्हणेल. मी म्हणत नाही. ठरवलेली गोष्ट पाळणं यालाच नेम म्हणतात, त्यात देव असलाच पाहिजे असं नाही.

पंगतीत बसल्यावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून उत्तर घरून घेऊन जायचं. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हे नीट मांडून दाखवलं: "मी गोड कमी खाईन" असा नुसता हेतू धरण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधी जोडून ठेवलं तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. आपल्या भाषेत: जिलेबीची परात दिसली की मी ताटावर हात आडवा धरीन आणि ताक मागीन. एवढं ठरवून जा. हात आपोआप जातो.

बचतीचं निराळं. लग्नात पैसा एकदम जात नाही. आहेर, गाडीभाडं, बस्त्याला बरोबर गेलो म्हणून घेतलेली एक साडी, असा तुकड्यातुकड्याने जातो आणि प्रत्येक तुकडा टाळता न येण्यासारखा असतो. तो टाळायला सांगणारा मी कोण? पण कोणत्या घरची लग्नं आहेत ते दिवाळीतच माहीत असतं. तेव्हाच यादी करून आहेराची रक्कम वेगळी काढली तर मार्चमधल्या बचतीला हात लागत नाही. आमच्या काही गिऱ्हाइकांची दोन खाती असतात, एक घरचं आणि एक आहेराचं. आहेराचं छोटं असतं, पण घरच्याला तेच वाचवतं.

मग चातुर्मास का मोडत नाही?

इथे थोडं थांबतो, कारण बाकीची बरीचशी दुरुस्ती याच जागी सापडते. वर्षभराचा संकल्प न टिकणारी माणसं चार महिन्यांचा नेम बिनबोभाट पाळतात. का?

एक तर त्याला शेवट आहे. कार्तिकी एकादशीला सुटणार हे पहिल्या दिवशी ठाऊक असतं. वांगं काहींकडे आणखी पुढे, चंपाषष्ठीपर्यंत बंद असतं, आणि त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच सुटतं. डिसेंबरातल्या भरीताच्या गोडीत त्या थांबण्याचाही वाटा आहे, असं माझं मत. "आता जन्मभर" असं कोणी म्हणत नाही. जन्मभर म्हटलं की मन पहिल्याच दिवशी पळवाट शोधायला लागतं.

दुसरं, सोडायची ती गोष्ट नेमकी असते. "यंदा सात्त्विक खाईन" असा नेम कोणी धरत नाही. कांदा म्हणजे कांदा. पोहे समोर आले की कळतं, खायचे की नाही.

तिसरं, घराला माहीत असतं. सुनेला माहीत असतं, शेजारणीला माहीत असतं. भाजी वेगळी काढली जाते. मोडायचं तर चोरून मोडावं लागतं, आणि कांदा चोरून खाणं अवघड, तोंडाला वास येतो.

चौथं, दिवस कोणी निवडलेला नसतो. आषाढी पंचांगात येते. आपण मूडची वाट बघत बसत नाही.

आता जानेवारीचा संकल्प यावर घासून बघा. शेवट नाही, मोघम आहे, घरात कोणाला पत्ता नाही. म्हणून माझा सल्ला असा की वर्षाचा संकल्प करूच नका. एक जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा करा. पाडव्याला गोड खाऊन सोडा आणि पुढचा धरायचा की नाही ते तेव्हा ठरवा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी खाण्यातला बदल डॉक्टरांना सांगून करावा. गोळी चालू असताना जेवण एकदम कमी केलं तर साखर खाली जाते.

उन्हाने मोडला

चालणारे, पळणारे, जिमवाले. मार्चअखेरीस गळती लागते आणि एप्रिलमध्ये कॉलेजचं मैदान रिकामं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, इकडेही फार वेगळं नसतं. जानेवारीत सात वाजता निघणारा माणूस मे महिन्यात सात वाजता निघाला तर साडेसातला चटके बसतात. तो दोन दिवस जातो, तिसऱ्या दिवशी डोकं धरून घरी बसतो. यात आळस कुठे आला? वेळापत्रक थंडीतलं आणि महिना उन्हाळ्याचा, एवढाच दोष.

दोन वेळापत्रकं ठेवा. होळीनंतर दुसरं लागू. पहाटे साडेपाच, नाहीतर रात्री जेवणानंतर नऊच्या पुढे, गल्लीतच. चालणं अगदीच जमत नसेल तर ते दोन महिने घरात पंख्याखाली उठाबशा काढा, चालणं मृगानंतर. मे महिन्यातही मैदानावर दिसतात ती फक्त पोलीस भरतीची पोरं. त्यांना सोळाशे मीटरचे गुण दिसत असतात. त्यातल्याच एकाने माझ्या ओळखीच्या पंचावन्न वर्षांच्या मास्तरांना सलग दोन सकाळी मैदानावर पाहिलं नाही तेव्हा घरासमोर मोटारसायकल थांबवून हाक मारली, "का हो सर, फिराले ऊनात नही?" म्हणजे फिरायला आला नाहीत? सर तिसऱ्या दिवशी हजर. भरतीच्या पोराशी मैत्री ठेवा, जिमच्या फीपेक्षा स्वस्त पडते.

आणखी एक बारीक दोष, जो मोठ्या शहरातल्या सल्ल्यांत कधी सापडत नाही: नळाचा दिवस. आपल्या बऱ्याच गावांत पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि येतं ते नेमकं पहाटे. त्या दिवशी घरातला प्रत्येक हात हंड्याला, पाइपला, टाकीला लागतो. विशेषतः बायकांचं चालणं इथेच तुटतं; एक दिवस पाण्यामुळे गेलं, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांमुळे, संपलं. नळाचा दिवस ही आधीच सुट्टी म्हणून लिहून टाका. लिहिलेली सुट्टी ही चूक नसते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मन खट्टू होत नाही. आणि नवरोबांनी पाइप धरला तर सुट्टीही लागणार नाही, हे जाता जाता.

मृगात मोडला

हा पैशाचा. बियाणं, खत, शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, छपराची डागडुजी, सगळं जून महिन्यात. त्याआधी ३१ मार्चला सोसायटीचं पीककर्ज भरलेलं असतं, कारण वेळेत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते आणि नवं कर्ज उचलता येतं. मधे लग्नसराई. म्हणजे जून उजाडतो तेव्हा शेतकरी घरात आणि शेतकऱ्यावर चालणाऱ्या दुकानात सगळ्यात कमी पैसा असतो आणि सगळ्यात जास्त मागणी.

पगारदाराला दर महिन्याला सारखा हप्ता जमतो. आपल्या बाजारात पैसा सारखा येत नाही. कापूस दिवाळीपासून जानेवारीपर्यंत, हरभरा आणि दादर ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, रावेर-यावलकडे केळी आपल्या लागणीप्रमाणे, पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृग बाग असो की पावसाळ्यानंतरची कांदे बाग. अशा आवकेवर महिन्याचा सारखा हप्ता लावला की जून-जुलैत तो तुटणारच. पोस्टाची आरडी महिन्याला १०० रुपयांपासून असते, मुदत पाच वर्षं, पण चार हप्ते थकले की खातं बंद पडतं आणि मग दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा सुरू करून घ्यावं लागतं. चांगली योजना आहे, पण ज्याचा हप्ता पगारातून जातो त्याची. शेतीच्या पैशावर ती घ्यायची तर कापूस विकला त्याच आठवड्यात पुढच्या काही महिन्यांचे हप्ते आगाऊ भरून टाका. पोस्ट ते घेतं.

पिग्मीचं आणखी एक गुपित सांगतो, जे आमच्यातले सगळे सांगत नाहीत. खातं कधी उघडलं यापेक्षा ते कधी पिकतं हे महत्त्वाचं. जानेवारीत उघडलेलं वर्षाचं खातं पुढच्या जानेवारीत पिकतं, जेव्हा हातात कापसाचा पैसा असतोच. मग ती रक्कम मोबाइलमध्ये जाते, नाहीतर टीव्हीत. तेच खातं मेअखेरीस उघडा. पुढच्या मेअखेरीस, बियाणं आणि फीच्या तोंडावर, रक्कम हातात. ज्यांनी एकदा असं केलं ते पुढच्या वर्षी सांगावं न लागता स्वतःच मे महिन्यात येतात. बचतीचा संकल्प एक जानेवारीला करायचा हे ज्याने ठरवलं त्याला शेती नसावी.

पिग्मीची कल्पना मुळात १९२८ मध्ये उडुपीतल्या बँकेने काढली, पुढे तीच सिंडिकेट बँक झाली. दारात जाऊन रोज दोन आणे गोळा करायचे. शंभर वर्षं होत आली तरी ती टिकून आहे, आणि व्याजासाठी नाही, व्याज तर फारसं नसतं. ती टिकली कारण माणूस दारात येतो. तुमच्या संकल्पासाठी दारात कोण येतं, हे एकदा बघा. कोणी येत नसेल तर कोणाला तरी नेमा.

सुरूच झाला नाही

याला मोडणं म्हणता येत नाही. नोकरी बदलायची, धंदा टाकायचा, सुरतेहून परत यायचं, घर वेगळं मांडायचं. सुरतेतल्या उधना-लिंबायतला राहणारी आपल्याकडची कितीतरी कुटुंबं दर दिवाळीला "पुढच्या वर्षी गावीच" म्हणतात आणि पुढच्या दिवाळीला सुरतेहूनच एसटीने येतात.

दोष असा की याला सवयीच्या रकान्यात टाकलं जातं. रोज थोडं थोडं करून माणूस सुरतेहून परत येत नाही. इथे सालदाराची, म्हणजे शेतावर वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या गड्याची, रीत चांगली. त्याचं वर्ष आखाजीला सुरू होतं. पैसे किती, धान्य किती, सुट्ट्या किती, हे चार माणसांसमोर ठरतं आणि मग वर्षभर त्यावर वाद घालायचा नसतो. मोठ्या बदलाची अशी बोली करा. परत यायचं तर पोरांच्या शाळेला जूनमध्ये प्रवेश घ्यावा लागेल, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला मे महिन्यात, म्हणजे खोली सोडल्याचं मालकाला एप्रिलमध्ये, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला आहे की नाही हे मार्चमध्ये बघायचं. मार्चमध्ये पडला नसेल तर यंदा परतणं नाही, आणि त्याबद्दल पुढच्या मार्चपर्यंत बोलणं नाही. अशी उलटी तारीख मोजली की दोनच उत्तरं निघतात, आणि दोन्ही "बघू"पेक्षा बरी.

रोज जमतच नाही अशांसाठी

काहींच्या दिवसाला आकारच नसतो. रेल्वेतली फिरती पाळी, ट्रकवरची माणसं, केळीच्या गाड्या भरणारे. त्यांनी रोजचा हट्ट सोडून आठवड्याचा वार धरावा. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेच्या एका अध्यायावर बोलले, अठरा रविवारी अठरा अध्याय पुरे झाले, ऐन उन्हाळ्यात. आणि तुरुंगात बरोबर असलेले साने गुरुजी ते उतरवून घेत होते. तुरुंगात लग्नाची पत्रिका येत नाही हे खरं, पण वार ठरलेला, तुकडा ठरलेला आणि समोर वही घेऊन बसलेला माणूस, या तीन गोष्टी बाहेरही जुळवता येतात. आठवड्याचा एक धडा, एक किल्ला, एक पत्र, बापाला एक फोन.

मोडल्यावर काय

एक दिवस चुकल्याने काही होत नाही. लॅलींच्या त्याच अभ्यासात एखादी वेळ हुकल्याचा सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नव्हता. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा माणूस म्हणतो, "मोडलंच आहे, आता पाडव्यापासून." आपल्याकडे मुहूर्तांची कमतरता नाही: पाडवा, आखाजी, दसरा, दिवाळीचा पाडवा, शिवाय दर सोमवार. नव्या टप्प्याच्या दिवशी माणसाला सुरुवात करावीशी वाटते हे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनीही दाखवलं आहे, आपल्याला ते आजीपासून माहीत आहे. मुहूर्त सुरुवातीला चांगला. मोडल्यावर तोच माणसाला दोन महिने बसवून ठेवतो. मोडल्यावर उद्याची वेळ धरायची, उद्याचा दिवस अमावास्येचा असला तरी.

आमच्या धंद्यात एक पक्का नियम आहे: थकलेलं मागायचं नाही. गिऱ्हाइकाने दहा दिवस दिले नाहीत तर अकराव्या दिवशी "दहा दिवसांचे द्या" म्हणणारा एजंट ते गिऱ्हाईक घालवतो. मी पायरीवर उभा राहतो आणि म्हणतो, "शेठ, आजचे वीस." आजचे. पोराकडून "शेठ बाहेर गेलेत" असा निरोप आला तरी दुसऱ्या दिवशी तेच. बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः बाहेर येतो. चालणं बुडालं म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नका, जिलेबी खाल्ली म्हणून रात्री उपाशी झोपू नका. आजचं द्या.

एवढं करूनही एखादा संकल्प तीन वर्षं त्याच महिन्यात मोडत असेल तर तो तुमचा आहे का ते बघा. बायकोने जिम लावावी हा नवऱ्याचा संकल्प, पोराने स्पर्धा परीक्षा द्यावी हा बापाचा संकल्प, हे कोणत्याही दुरुस्तीने चालत नाहीत. आणि काही आपलेच असतात पण शिळे झालेले असतात, दहा वर्षांपूर्वी कोणाकडे तरी पाहून घेतलेले. आमच्याकडे खातं बंद करायचा एक फॉर्म असतो. रीतसर सही करून पैसे घेऊन जायचं, त्यात कमीपणा नाही. बाजारात हार्डवेअरचं दुकान असलेले एक आबा दर जानेवारीला इंग्रजी बोलायचा क्लास लावायचे आणि संक्रांतीनंतर जायचे नाहीत. यंदा त्यांनी क्लासवाल्याला जाऊन सांगितलं की आता मी येणार नाही, कधीच. संध्याकाळी ओट्यावर पत्ते कुटतात, आणि वीस रुपये रोज देतात.